गोळीचा सौदा कुठं निघतो

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर मी बावीस वर्षं हिशेब लिहितोय. आमच्याकडं भाव फार वेळ लपून राहत नाही. सकाळी सौदा निघाला की अर्ध्या तासात औशाच्या, रेणापूरच्या, निलंग्याच्या माणसाच्या मोबाईलवर सोयाबीनचा आकडा पोचलेला असतो. पटला नाही तर माणूस कट्टे उचलून शेजारच्या आडतीवर जातो. पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, हमाली किती, तोलाई किती, सगळं ओळीनं लिहिलेलं. अशा जागी आयुष्य गेलेल्या माणसाला औषधाच्या पावतीवरचा भाव कुठून येतो हे सात वर्षं कळू नये, याची मला आजही लाज वाटते.

मला शुगर निघाली ती २०१६ च्या उन्हाळ्यात. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं ते वर्ष. घरात पाणी तांब्यानं मोजून वापरायचं आणि मला दर तासाला तहान. बायको म्हणायची, "अहो, लेकरंबी पीत नाहीत एवढं, तुम्हालाच कसं लागतंय?" मला वाटायचं उन्हाळा आहे, यार्डातली धूळ आहे. शेवटी यार्डात हमालांसाठी तपासणी शिबिर लागलं, तिथं रांगेत मीही बोट पुढं केलं. आकडा आला ३४२.

सुरुवातीला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. दोन्ही जुनी औषधं, मेटफॉर्मिन तर १९५७ पासून माणसं घेतायत. महिन्याचं दोनशेच्या आत भागायचं. सवयच असल्यामुळं मी त्याचीही वही घातली. तारीख, औषध, नग, रक्कम.

२०१८ ला डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद करून सिटाग्लिप्टिन सुरू केलं. ग्लिमेपिराइडनं माझी साखर अकराच्या सुमारास एकदम खाली यायची, हात थरथरायचे, पट्टीवर सातचा नऊ व्हायचा. नव्या गोळीनं ते थांबलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, गोळी चांगलीच होती. पण एक गोळी ४५ रुपयांच्या घरात. महिन्याचे साडेतेराशे.

आम्हाला सगळं सोयाबीनमध्ये मोजायची खोड. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजाराच्या वर गेलं तेव्हा एका क्विंटलमध्ये माझ्या सात महिन्यांच्या गोळ्या बसायच्या. मग बाहेरून सोयापेंड आणायला सरकारनं परवानगी दिली, नवा मालही आला, भाव घसरत निम्म्यावर आला. क्विंटलमध्ये साडेतीन महिने बसायला लागले. गोळी आपली ४५ वर. ऊन नाही, पाऊस नाही, आवक नाही, तिला काही लागतच नव्हतं.

एप्रिल २०२३ मध्ये मायसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायला एका जनऔषधी दुकानात गेलो. भिंतीवर यादी लावलेली. वाचता वाचता एका ओळीवर थांबलो. सिटाग्लिप्टिन १०० मिलिग्रॅम, दहा गोळ्या, १०० रुपये. आधी वाटलं एका गोळीचे शंभर लिहिलेत, आपलीच स्वस्त पडायली. काउंटरवरच्या पोराला विचारलं.

"अख्ख्या स्ट्रिपचे, मामा."

"कधीपास्नं?"

"सात-आठ महिने झाले असतील की."

घरी येऊन वही काढली. सप्टेंबर २०२२ मध्ये ही गोळी जनऔषधीत आली होती. ऑक्टोबर ते मार्च, सहा महिने, दरमहा हजाराच्या वर जास्तीचे. म्हणजे सहा हजारांच्या वर. दुष्काळात एवढ्यासाठी लोकांनी शेळ्या विकलेल्या मी बघितल्यात.

मग माझ्या नेहमीच्या मेडिकलवाल्याकडं गेलो. तो शाळेत माझ्या दोन वर्गं मागं होता, त्यामुळं मनातलं बोलतो. म्हणाला, "जुलै २०२२ ला त्या गोळीचं पेटंट संपलं, गड्या. तवापास्नं किती कंपन्यांनी काढली, मलाच नावं पाठ नाहीत."

"मग मला सांगायचं नाही का?"

"चिठ्ठीवर जे नाव असतंय ते मी देतो. बदलून दिलं अन् तुला काई झालं तर लायसन माझं जाणार." थोडं थांबून हसला. "आन खरं सांगू का? ज्याच्यावर सरकारनं भाव बांधलाय त्याच्यावर मला शेकडा सोळा सुटतात, बाकीच्यावर वीस. साडेतेराशेचे वीस टक्के अन् तीनशेचे वीस टक्के. हिशेबनीस तू हाईस, कर की हिशेब."

मला राग आला नाही. उलट पहिल्यांदा कुणीतरी पट्टी उलगडून दाखवली असं वाटलं. डॉक्टरांकडं गेलो तर तेही खरंच चकित झाले. म्हणाले, "काका, मी औषध लिहितो, भाव बघायचं कधी लक्षातच येत नाही." चांगला माणूस आहे. पण भाव न बघता माल लिहिणारा माणूस आमच्या यार्डात एक दिवस टिकणार नाही, हे मी मनातल्या मनात म्हटलं.

तेव्हापासून रात्री जेवण झालं की मोबाईलवर हेच वाचायचा नाद लागला. समजलं ते असं. १९७० च्या कायद्यानं आपल्याकडं औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हतं, बनवायच्या पद्धतीवर होतं. त्यामुळं एकच औषध दहा कंपन्या वेगवेगळ्या रीतीनं बनवायच्या आणि भाव आपोआप खाली राहायचा. २००५ पासून पदार्थावरही पेटंट द्यावं लागलं, अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं. सिटाग्लिप्टिन मूळ अमेरिकेतल्या मर्क कंपनीचं. त्याचा अर्ज २००२ चा, म्हणून २०२२. एका भारतीय कंपनीनं २०१३ मध्येच स्वस्तातली काढली होती, पण २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती थांबवली. नव्या औषधाचा पहिला भाव कंपनीनं स्वतः ठरवायचा. सरकारच्या आवश्यक यादीत ते नसेल तर वर्षाला दहा टक्क्यांच्या आत वाढवताही येतो. फुले योजनेत अ‍ॅडमिट झालो तर खर्च निघेल, पण रोजच्या गोळीला योजना नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात त्या बहुतेक जुन्या गोळ्या.

म्हणजे गोळीत काय आहे यावरून भाव ठरतच नव्हता, तो एका तारखेवरून ठरत होता. ती तारीख ना स्ट्रिपवर छापलेली, ना पावतीवर. एक्सपायरी तेवढी छापतात.

गोळी बदलायची तर घरातनं विरोध. बायको म्हणाली, "पंचेचाळीसची गोळी दहाला मिळायली म्हणजे खडूच असंल." शेवटी तोड निघाली. तीन महिने घेऊन बघायची आणि तीन महिन्यांची साखर तपासायची. आधी ७.४ होती, नंतर ७.३ आली. त्यानंतर तिनं काही न बोलता तिच्या बीपीच्या गोळीची चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात घालून ठेवली. एवढं मात्र सांगितलं पाहिजे की जनऔषधीत माल दरवेळी असतोच असं नाही. "सोमवारी या" हे मी तीनदा ऐकलंय. म्हणून आता दोन महिन्यांचं एकदम आणतो.

२०२४ च्या दिवाळीत लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, निघालं. किडनीला जपायचं म्हणून डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन लिहायला पेन उचललं. साठ रुपयांच्या आसपास एक गोळी.

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हिची तारीख कधी संपते?"

"एक्सपायरी का? ती तर…"

"नाही, पेटंटची."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मोबाईलकडं. "मार्च २०२५."

अजून चार-पाच महिने होते आणि किडनी काही तारखेसाठी थांबत नसते. मग तेच म्हणाले की ह्याच घरातली धाकटी-थोरली म्हणा, डॅपाग्लिफ्लोझिन नावाची गोळी आहे. २०२० च्या शेवटापासून ती बऱ्याच कंपन्या काढतात. ती चालेल. ती सुरू केली. मार्च २०२५ उजाडला आणि मेडिकलवाल्यानं मला मुद्दाम बोलावून गल्ल्याखालचा कार्डांचा गठ्ठा दाखवला. एम्पाग्लिफ्लोझिन घेऊन एमआर लोकांची, म्हणजे कंपन्यांचा माल खपवत फिरणाऱ्यांची, रांग लागली होती. एका कंपनीची गोळी ५ रुपये ४९ पैशांना. साठची साडेपाचवर आली, तीही आठवड्याभरात. आणि साडेपाचला विकणारी कंपनी काही अन्नछत्र चालवत नाही, त्यातही तिला सुटतच असणार.

इथपर्यंत माझी गोष्ट जिंकलेल्या माणसासारखी वाटेल. मायचं तसं झालं नाही.

माय अठ्ठ्याहत्तर वर्षांची. अक्षरओळख नाही, एका डोळ्यानं कमी दिसतं. तिला दिवसातनं दोनदा इन्सुलिन. २०१९ ला पेन मिळालं तेव्हा तिनं ते दोन दिवसांत आत्मसात केलं, कारण पेन फिरवलं की टकटक वाजतं. सकाळी वीस टकटक, रात्री चौदा. देवघरात बसून, माळेचे मणी ओढावेत तशी ती टकटक मोजायची आणि स्वतःच टोचून घ्यायची. कुणाचं मिंधं नाही. गावाकडं भावाकडं चार-चार महिने राहून यायची.

२०२५ मध्ये त्या पेनाची कार्ट्रिज, म्हणजे पेनात घालायची इन्सुलिनची नळी, बाजारातून दिसेनाशी झाली. आज संपलं, उद्या येईल, असं दोन महिने. मग कळलं की कंपनीनं ते पेनच बंद करायला घेतलंय, तेच इन्सुलिन आता फक्त बाटलीत. कंपनी काही तोट्यात नव्हती. मेडिकलवाल्याचं म्हणणं, जिथं हजारांचा माल विकतोय तिथं शेकड्याच्या मालासाठी मशीन कोण अडवून ठेवील. ते खरं का खोटं, मला सांगता येणार नाही. पण व्यापाऱ्याची बुद्धी अशीच चालते, हे मी रोज बघतो.

बाटली दीडशेच्या आसपास, सरकारनं भाव बांधलेला, म्हणजे पैशानं स्वस्तच पडली. पण तिच्यात एक मेख होती, ती आम्हाला कुणी सांगितली नाही. पेनातलं इन्सुलिन एका मिलिलीटरला १०० युनिटचं, बाटलीतलं ४० चं. सिरिंजाही दोन जातीच्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. एका दुकानातल्या पोरानं ४० च्या बाटलीबरोबर केशरी सिरिंजा बांधून दिल्या आणि मी वीसच्या रेघेपर्यंत भरून टोचत राहिलो. रेघ वीसची, पण आत जात होते फक्त आठ युनिट. पाचव्या दिवशी मायची शुगर ४१२. तिनं गोड खाल्लं असेल म्हणून मी तिलाच बोललो. ती काही बोलली नाही, पदर तोंडाला लावून बसली. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं पिशवी उघडून बघितली, केशरी टोपण उचललं आणि म्हणाली, "भाऊ, हे कुणी दिलं?" ते पाच दिवस आठवले की अजून पोटात कालवतं. तुमच्या घरात कुणी बाटलीवर आलं असेल तर बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग आधी बघा, बाकी सगळं नंतर.

आता सकाळी सात आणि संध्याकाळी सात मी किंवा बायको टोचतो. माय गावाकडं जात नाही. सिरिंज टकटक वाजत नाही ना.

तिला एकदा मी इन्सुलिनची गोष्ट सांगितली. कॅनडात टोरोंटोला बँटिंग नावाच्या डॉक्टरनं आणि त्याच्या सोबत्यांनी १९२१ मध्ये हे शोधलं आणि १९२३ मध्ये त्याचं पेटंट विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकलं.

"एक डॉलर म्हंजी किती?"

"आजच्या भावानं नव्वदच्या आसपास."

मायनं विचार केला. "मग त्येच्या लेकरायनं काय खाल्लं?"

मी सांगितलं की त्याला नोबेल मिळालं आणि सरकारनं जन्मभराचं वर्षासन बांधून दिलं. "मग बरंय," म्हणाली. तिला दानधर्मापेक्षा त्याचं पोट भरलं की नाही याची काळजी. हेच इन्सुलिन २००३ पासून वोक्हार्ट कंपनी आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या एमआयडीसीत तयार करते, हेही सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. मराठवाड्यात असलं काही बनत असेल असं आपल्या माणसाला वाटतच नाही.

आता वजनाच्या सुईकडं येतो. माझं वजन तेव्हा ९६ किलो. २०२५ च्या पावसाळ्यात डॉक्टर म्हणाले की वजन उतरलं तर निम्म्या गोळ्या कमी होतील, आणि आठवड्याला एक सुई आहे, माउंजारो, मार्च २०२५ ला भारतात आली. सुरुवातीच्या डोसची एक बाटली तेव्हा ३,५०० ची होती, पुढच्या डोसची ४,३७५ ची. महिन्याला चार. म्हणजे १४,०००, नंतर साडेसतरा हजार. आणि सोडली की वजन बहुतेकांचं परत येतं, म्हणजे जन्माचं भाडं.

मी सवयीनं भागाकार केला. सप्टेंबरात मांजरा-तेरणेला पूर आला, उभं सोयाबीन आठ-आठ दिवस पाण्यात राहिलं. यार्डात आलं ते डागी. हमीभाव ५,३२८ आणि इथं चार हजाराला मारामार. एकरी आठ क्विंटल धरलं, तेही देवानं दिलं तर, बत्तीस हजार होतात. बी-बियाणं, फवारणी, काढणी काही धरलं नाही. एक एकर सोयाबीन म्हणजे साडेसतरा हजारांच्या भावानं दोन महिन्यांची सुई, तीही पूर्ण भरत नाही. त्याच ऑक्टोबरात ही सुई देशात रकमेनं सगळ्यात जास्त विकलं जाणारं औषध ठरली, महिन्याला शंभर कोटींच्या आसपास. ते वाचून मी जरा वेळ गप्प बसलो. आमचा मराठवाडाही ह्याच देशातला भाग आहे म्हणायचा.

कंपन्या म्हणतात, संशोधनाला पैसा लागतो. हे मला पटतं, आणि पटायला मला परदेशी जायला नको. दहा बोअर मारावेत तेव्हा एकाला पाणी लागतं. लागलेल्या बोअरनंच कोरड्यांचे पैसे काढायचे असतात. पण पाणी लागल्यावर टँकरवाला काय भावानं विकतो, तेही आम्ही २०१६ ला बघितलंय. सेमाग्लुटाइड, म्हणजे ओझेम्पिक, ही अशीच आठवड्याची दुसरी सुई, ती बनवणारी डेन्मार्कची नोव्हो नॉर्डिस्क. २०२४ ची तिची विक्री २९,०४० कोटी क्रोनर आणि निव्वळ नफा १०,१०० कोटी. शंभराला पस्तीस. माउंजारोवाल्या इलाय लिलीची बाजारातली किंमत नोव्हेंबर २०२५ मध्ये एक लाख कोटी डॉलरवर गेली. आमच्या मालकांना मी शंभराला पस्तीस सांगितलं तर म्हणाले, "आडत बंद करू, चल."

ओझेम्पिकचा अमेरिकेतला छापील भाव महिन्याला ९६९ डॉलर होता आणि जर्मनीत ५९. हे तिथल्या सिनेटच्या सुनावणीत २०२४ ला निघालं. संशोधकांनी हिशेब काढला होता की वाजवी नफा धरूनही ती सुई महिन्याला पाच डॉलरच्या आत बनू शकते. लातूर आणि उदगीरच्या सौद्यात क्विंटलमागं शंभर रुपयांचा फरक पडला तर आमच्याकडं शेतकरी भांडायला येतो. इथं सोळा पट.

सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची, पाडव्याच्या आगेमागे. त्याच्या आधी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, कंपनीनं तिच्या वजनाच्या सुईचा, वेगोव्हीचा, भाव सदतीस टक्क्यांपर्यंत उतरवला. डिसेंबरात ओझेम्पिक भारतात आणलं, सुरुवातीचा डोस महिन्याला ८,८०० ला. बाहेर आवक दिसायला लागली की व्यापारी गोदामातला माल काढतो, तसंच हे. एवढं मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही.

तोपर्यंत म्हणून मी सकाळी यार्डाला चार फेऱ्या मारायला लागलो, रात्रीची भाकरी दोनवरून एकीवर आणली. वजन ९२ झालं. जानेवारी २०२६ मध्ये तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं, "सुईचं कसं करायचं?"

त्यांनी रिपोर्ट बघितले, चिठ्ठीवर त्याच गोळ्या लिहिल्या. ह्या वेळी ब्रँडच्या जागी औषधाचं नाव, मोठ्या अक्षरात. मग पेनाला टोपण लावलं.

"एप्रिलमध्ये या, काका. आधी सौदा तर निघू द्या."